आईच्या अंत्यसंस्कारांसाठी भावाची वाट पाहावी का, आणि तोवर काय काय ठरवावे?

कातरवेळ :

काल पहाटे पावणेचार वाजता आई गेली. तिचे वय ७८ होते, दोन वर्षांपासून हृदयविकार होता आणि शेवटचे अकरा दिवस ती रुग्णालयातच होती. त्यामुळे हा मृत्यू अनपेक्षित होता असे म्हणवत नाही. तरीही प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा लक्षात आले की तिच्या औषधांच्या वेळांपलीकडे आम्ही कशाचाच विचार करून ठेवलेला नव्हता. पार्थिव सध्या रुग्णालयाच्या शवागारात आहे.

थोरला भाऊ परदेशात असतो. दोन ठिकाणी विमान बदलून तो उद्या रात्री पावणेबाराच्या सुमारास घरी पोहोचेल, म्हणजे मृत्यूनंतर ६८ तासांनी. आपण येईपर्यंत काही उरकू नये, असे त्याने निक्षून सांगितले आहे. मामांना हे मान्य नाही. इतका वेळ देह ठेवला तर तो दूषित होतो आणि घरातल्या लहान मुलांना त्याची बाधा होते, असे ते म्हणतात. आई एकदा मला म्हणाली होती, "माझ्यासाठी कुणाला तिष्ठत ठेवू नका." मामा आता याच वाक्यावर बोट ठेवतात, तर भावाच्या मते आई ते भेटायला येणाऱ्या लोकांबद्दल बोलली होती, मुलाबद्दल नव्हे. दहन व्हावे एवढे तिने स्पष्ट सांगितले होते, पण लिहून काहीच ठेवलेले नाही.

वाट पाहणे योग्य ठरेल का, मधल्या काळात कोणती कामे करून ठेवावीत, आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीला अंत्यदर्शनाला न्यावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे. आईला पेसमेकर बसवलेला होता; त्याचे काही करावे लागते का, हेही कुणी सांगितल्यास बरे होईल.

रात्रपाळी :

ताई, आपल्या दुःखात सहभागी आहे. मी एकोणीस वर्षे एका शवागारात नोकरी केली. मनाच्या बाजूबद्दल इतर सभासद लिहितीलच. मी मला जे ठाऊक आहे तेवढेच, म्हणजे देहाबद्दल लिहितो.

पेसमेकर दहनापूर्वी काढावाच लागतो. त्यातली बॅटरी हवाबंद असते आणि दाहिनीतल्या साधारण ८०० ते १,००० अंश सेल्सिअस उष्णतेत तिचा स्फोट होतो. इंग्लंडमधील सॉलिहल येथे १९७६ साली असा स्फोट झाल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर ही बाब जगभर गांभीर्याने घेतली जाऊ लागली. डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी गळपट्टीच्या हाडाखाली छोटासा छेद घेऊन ते यंत्र काढतात आणि छेद पुन्हा शिवून टाकतात. वर कपडा आला की काही दिसत नाही. त्यासाठी नातेवाइकांची लेखी संमती लागते. यंत्र साधा पेसमेकर आहे की हृदयाला झटका देणारे डिफिब्रिलेटर, हे जुन्या कागदांवरून पाहून आधीच सांगावे, कारण डिफिब्रिलेटर बंद न करता हाताळला तर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो. हे काम आजच करून घ्या. दहनाच्या दिवशी सकाळी ही गोष्ट आठवली तर सारा कार्यक्रम खोळंबतो. मी असे होताना पाहिले आहे.

आता मामांच्या शंकेविषयी. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत जबडा व मान ताठरू लागतात, बाराएक तासांत सगळे अंग ताठ होते आणि पुढच्या दिवस-दीड दिवसात तो ताठरपणा आपसूक सुटतो. कुजण्याची क्रिया मात्र जवळजवळ सर्वस्वी तापमानाच्या हाती असते. उकाड्यात, उघड्यावर ठेवलेल्या देहात एका दिवसात फरक दिसू लागतो. दोन ते चार अंशांच्या शीतपेटीत तोच देह कित्येक दिवस जवळपास होता तसा राहतो. त्यामुळे ६८ तास ही आमच्या लेखी मोठी मुदत नव्हतीच. एवढ्यासाठी एम्बामिंग, म्हणजे रक्तवाहिन्यांतून फॉर्मालिनयुक्त द्रावण सोडणे, करून घेण्याचीही गरज नाही. ते मुख्यतः देह विमानाने दूर न्यायचा असल्यास लागते. राहिली बाधेची गोष्ट. मृतदेहांमुळे रोगराई पसरते ही भीती बहुतांशी निराधार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलेले आहे. कॉलरा किंवा इबोलासारख्या आजाराने मृत्यू आला असेल तर गोष्ट वेगळी, पण हृदयविकाराने गेलेल्या माणसाजवळ बसल्याने, त्याचा हात हातात घेतल्याने कुणालाही काहीही होत नाही.

मात्र पार्थिव शीतपेटीतून पुन्हा पुन्हा बाहेर काढू नये. गार देह उबदार हवेत आला की त्यावर दव धरावे तसे पाणी जमते आणि बदलांना वेग येतो. दर्शन एकदाच आणि तीन-चार तासांत आटोपेल असे ठेवावे. बाहेर काढण्यापूर्वी मनगटावरची किंवा पायावरची नावाची पट्टी घरच्या माणसाने स्वतः वाचावी. देह बदलल्याच्या घटना क्वचित का होईना घडतात, आणि त्या टाळायला अर्धे मिनिट पुरते.

दप्तरी :

माझे सारे आयुष्य कागदपत्रांत गेले, तेव्हा मी त्याच बाजूने लिहितो.

मृत्यूबाबतचे दोन कागद वेगवेगळे असतात आणि घाईत त्यांची गल्लत होते. पहिला कागद डॉक्टर देतात. त्यात मृत्यूचे कारण लिहिलेले असते आणि त्याशिवाय दहन किंवा दफन करू दिले जात नाही. दुसरा असतो मृत्यूच्या नोंदणीचा दाखला. तो नंतर नोंदणी कार्यालयातून मिळतो आणि बँक, विमा, निवृत्तिवेतन, घराची मालकी या प्रत्येक ठिकाणी तोच मागतात. पहिल्या कागदावर नाव चुकले तर दुसऱ्यावरही तेच चुकीचे नाव उतरते, आणि दुसऱ्यावरचे नाव दुरुस्त करायला महिने लागू शकतात. म्हणून डॉक्टरांचा कागद हाती घेताना आईच्या बँक खात्यावरील नावाशी तो अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नोंदणीच्या दाखल्याच्या प्रती एकदमच आठ-दहा काढून ठेवाव्यात. मृत्यू अपघाती, अचानक किंवा अज्ञात कारणाने झाला असता तर पोलीस चौकशी आणि शवविच्छेदन होईपर्यंत वेळ ठरवण्यात अर्थच नव्हता. आपल्या बाबतीत तो प्रश्न दिसत नाही.

आईच्या वाक्याविषयी थोडे सांगतो. मृताने दिलेल्या सूचना वारसांवर किती बंधनकारक असतात, हा वाद जुना आहे. १८८२ साली इंग्लंडमध्ये या मुद्द्यावर एक गाजलेला निकाल झाला. एका गृहस्थाने आपल्या देहाचे दहन व्हावे असे लिहून ते काम एका मैत्रिणीवर सोपवले होते. कुटुंबीयांनी मात्र त्याला पुरले. पुढे त्या बाईंनी वेगळेच निमित्त सांगून देह उकरून घेतला, इटलीत नेऊन त्याचे दहन केले आणि खर्चाच्या भरपाईसाठी न्यायालयात दावा लावला. त्या हरल्या, मृतदेह ही कुणाची मालमत्ता होऊ शकत नाही आणि त्याबाबतची मृताची इच्छा कायद्याने अमलात आणून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. देशोदेशींचे कायदे निराळे आहेत, पण घरात हा पेच पडतो तेव्हा तो बहुधा वाक्याच्या अर्थावरून पडलेला नसतो. मामांची बहीण गेली आहे आणि भावाची आई. दोघेही एकच वाक्य पुढे करून आपापली अस्वस्थता सांगत आहेत, असे मला वाटते.

तेव्हा वाक्याचा कीस काढत बसू नये. दहन हवे ही स्पष्ट सूचना आहे, ती पाळावी. बाकीचे सोयीने ठरवावे. मृत्युपत्र किंवा कपाटात एखादी चिठ्ठी आहे का, हे मात्र आजच शोधा, कारण असे कागद हटकून आठ दिवसांनी सापडतात.

नदीकाठ :

मी वाट न पाहणाऱ्यांपैकी आहे. वडील गेले तेव्हा धाकटी बहीण तीस तासांच्या अंतरावर होती. आम्ही वडीलधाऱ्यांच्या दडपणाखाली त्याच संध्याकाळी दहन केले आणि तिला फोनच्या पडद्यावर दाखवले. तिने त्याबद्दल आम्हाला कधी बोल लावला नाही, पण वडिलांचा विषय निघाला की ती आजही खोलीतून उठून जाते. पडद्यावर दाखवणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. २०२० साली असंख्य कुटुंबांना तेवढाच आधार होता. परंतु जिथे पर्याय आहे तिथे तो शेवटचा ठेवावा.

दुसरे असे की, देहाचे संस्कार आणि लोकांचे भेटणे या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात असे नाही. दहनाला घरची आणि अगदी जवळची माणसे असू द्या. स्मृतिसभा दोन-तीन आठवड्यांनी ठेवली तरी चालते. तोवर छायाचित्रे शोधायला, दूरच्या लोकांना यायला आणि बोलणाऱ्याला चार वाक्ये सुचायला वेळ मिळतो. "तिष्ठत ठेवू नका" हे आईंचे म्हणणेही त्यातून आपोआप पाळले जाईल.

मुलीबद्दल. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना कळू लागते की मेलेले माणूस परत येत नाही, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला हे अर्धवटच समजलेले असण्याची शक्यता आहे. "आजी झोपली" असे चुकूनही सांगू नका. माझ्या पुतण्याला तसे सांगितले गेले आणि पुढचे काही आठवडे तो झोपायलाच घाबरत असे. "आजी मरण पावली, तिचे शरीर आता काम करत नाही, तिला दुखत नाही" असे साध्या शब्दांत सांगावे, तिथे काय दिसेल तेही आधीच सांगावे (आजी गार लागेल, डोळे मिटलेले असतील, मोठी माणसे रडत असतील) आणि यायचे की नाही ते तिला ठरवू द्यावे. ती आलीच तर तिच्यासोबत असा एक मोठा माणूस असावा, जो तिला हवे तेव्हा बाहेर घेऊन जाईल आणि ज्याला स्वतःला तिथे थांबण्याची ओढ नसेल. तो माणूस आपण स्वतः असू नये.

एक किरकोळ वाटणारी सूचना. निधनाच्या जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर घराचा पत्ता आणि दहनाची वेळ एकत्र देऊ नका. त्या वेळी घर रिकामे असणार, हे चोरांनाही वाचता येते.

उंबरठा :

वाट पाहा असेच मीही म्हणेन, पण मर्यादा आजच ठरवून पाहा. आम्ही आत्याच्या वेळी काकांसाठी थांबलो. त्यांचे पहिले विमान चुकले, मग दुसरे रद्द झाले, आणि प्रत्येक वेळी "आता एवढे थांबलोच आहोत तर" म्हणत आम्ही पाच दिवस काढले. तोपर्यंत आलेले नातेवाईक परतीच्या तिकिटांवरून कुजबुजू लागले होते आणि शेवटी काका न येताच दहन झाले. तेव्हा भावाशी आत्ताच स्पष्ट बोलून घ्या, की अमुक दिवशी अमुक वाजता दहन होईल आणि विमान चुकले तरी ती वेळ बदलणार नाही. हे बोलणे आज अवघड वाटेल, पण विमानतळावर अडकलेल्या माणसाशी ते करणे अशक्य होते. दाहिनीची वेळही त्यानुसार आजच नोंदवावी, आणि खर्चाचा तपशील बाबवार लेखी मागून घ्यावा. त्या मनःस्थितीत समोरचा म्हणेल त्याला आपण होकार देत जातो.

कातरवेळ :

सर्वांचे मनापासून आभार. आज दिवसभरात झालेले सांगते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

दहन परवा सकाळी दहा वाजता ठरले आहे. विमान चुकले तरी वेळ बदलणार नाही, हे दादाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग "ठीक आहे" म्हणाला आणि मधल्या थांब्यावर जास्त वेळ मिळावा म्हणून त्याने पहिले विमान चार तास आधीचे घेतले. मामांना बाधेबद्दलचे म्हणणे वाचून दाखवले. त्यांना ते पटले असे नाही, परंतु स्मृतिसभेत आईच्या लहानपणाबद्दल बोलायला तुमच्याशिवाय कुणी उरलेले नाही, असे म्हटल्यावर ते आतल्या खोलीत जाऊन कागद घेऊन बसले आहेत. मुलीने यायचे ठरवले आहे. आजीचा चष्मा सोबत नेणार का, एवढेच तिने विचारले. माझी नणंद तिच्याबरोबर राहील.

पेसमेकर दुपारी काढला. त्या वेळी मी पट्टी वाचली. तिच्यावर आईचे पहिले नाव बरोबर होते आणि आडनाव माहेरचे होते, बहुधा कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलेले. डॉक्टरांच्या कागदावरही तेच आडनाव निघाले. दोन्हीकडची दुरुस्ती करून घेण्यात अडीच तास गेले आणि सही करणारे डॉक्टर निघण्याच्या बेतात असतानाच गाठ पडली. मामांना हे सांगितले तेव्हा काल पहाटेपासून प्रथमच ते थोडे हसले.

रात्रपाळी :

पट्टी बदलली असेल तर नवी पट्टी परवा सकाळी पुन्हा एकदा वाचावी.