जनावरं पाळणाऱ्या घरांतून: व्हीगन मंडळींबद्दल तुम्हाला काय वाटतं? (अनुभव धागा)

धागा सुरू करणारा, कांदिवली

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये एक नवीन सहकारी माझ्या शेजारी बसली. चोवीस-पंचवीसची, कामात हुशार. कॉफीसाठी तिने ओटच्या दुधाचं खोकं आणलं होतं. बोलता बोलता मी आमच्या गोठ्याचं सांगितलं. अकोले तालुक्यात भावाच्या अकरा गायी आहेत, त्यातल्या सात दुधात. तिने शांतपणे विचारलं, "दादा, तुमच्याकडे वासराला आईपासून कितव्या दिवशी वेगळं करतात?"

आवाजात आरोप नव्हता. उत्तर मला माहीत होतं, पण तोंडातून बाहेर पडेना. "विचारून सांगतो" म्हणालो आणि डबा आवरून उठलो.

रात्री भावाला फोन केला. व्हीगन म्हणजे कोण, ते आधी सांगावं लागलं: मांस-अंडी नाहीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पोरगी चुकीचं विचारत नाही. पण तिला हेही विचार, की गोऱ्हा झाला तर मी त्याचं काय करू?"

संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, तो औताला चालत नाही. 2015 च्या कायद्यापासून गोऱ्हे-बैल कत्तलीला देता येत नाहीत. म्हणजे त्याला आयुष्यभर पोसायचं, किंवा कुणाच्या तरी हवाली करायचं आणि पुढचं विचारायचं नाही.

मुंबईत आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं गोठ्यावर, शेळ्यांवर, कोंबड्यांवर उभी राहिली आहेत. त्यांनी इथे लिहावं. घरात या विषयावर काय बोललं जातं? काय बोलायचं टाळलं जातं? व्हीगन असाल तर तुम्हीही लिहा, फक्त स्वतःच्या अनुभवातलं. एकमेकांना नावं ठेवायची नाहीत, एवढीच विनंती.

लालबाग

पस्तीस वर्षं दुधाचा रतीब घालतोय. आधी सायकलवर कॅन, आता स्कूटर. व्हीगन झालो म्हणून दूध बंद करणारी घरं माझ्या वहीत तीन आहेत, तिन्ही नव्या टॉवरमधली. तिघांनीही पैसे चुकते करून, नीट सांगून बंद केलं. एका ताईंनी तर "काका, तुमच्यावर राग नाही" असं म्हटलं.

मार्च 2023 मध्ये सुट्या म्हशीच्या दुधाचा घाऊक दर लिटरला 80 वरून 85 झाला, तेव्हा त्या एका महिन्यात माझी अकरा घरं लिटरवरून अर्ध्या लिटरवर आली. माझा धंदा कशाने हलतो ते वहीत दिसतं.

जोगेश्वरी, आता गोरेगाव

मी तबेल्यात वाढलेली मुलगी आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

आजोबांचा तबेला जोगेश्वरीला होता. पुढे बाबांनी आरेतल्या एका युनिटमध्ये म्हशी ठेवल्या. 1949 मध्ये आरे कॉलनी उभी राहिली तीच मुळी शहरातल्या कोंदट तबेल्यांतल्या म्हशी मोकळ्या जागी नेण्यासाठी. त्यामागे दूध आयुक्त दारा खुरोडी होते. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून मिळाला. कुरियन सगळ्यांना माहीत असतात, खुरोडींचं नाव कुणी घेत नाही, ही बाबांची कायमची खंत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हे सांगायचे.

मुंबईतल्या तबेल्याचं गणित गावच्या गोठ्यासारखं नसतं. इथे चराऊ रान नाही, गवताची पेंढीसुद्धा विकत. म्हणून हरियाणा-गुजरातकडची ताजी व्यालेली मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस आणायची, एक वेत दूध काढायचं आणि आटली की द्यायची. आमच्या घरात 'द्यायची' हाच शब्द होता. कुणाला, कुठे, हे मुलांसमोर कुणी बोलायचं नाही. भाकड म्हैस या शहरात पोसणं कुणालाच परवडत नाही.

आणि रेडकं. रेडी असली तर निदान कुणी तिच्याकडे बघायचं. रेडा असला की त्याच्या वाट्याला किती दूध येईल हे त्या दिवशीच्या मापावर ठरायचं. बरीच रेडकं जगायची नाहीत. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते, कितीही कास चोळा, सडाला धार येत नाही. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायचं. ती त्याला चाटायची. मी सात-आठ वर्षांची असेन, पेंढ्याचा तो करकर आवाज मला अजून ऐकू येतो. पुढे पुढे काही तबेल्यांत पान्ह्यासाठी सुया आल्या. आमच्याकडे बाबांनी सुई येऊ दिली नाही, पण पेंढ्याचं रेडकू मात्र होतं.

काही वर्षांपूर्वी दोन मुलं मोबाइल घेऊन आली. प्राण्यांसाठी काम करतो म्हणाली. बाबांनी त्यांना आत घेतलं, खाटेवर बसवलं, चहा मागवला. त्यांनी हात जोडून नको म्हटलं, दुधाचा असतो म्हणून. बाबांना ते फार लागलं. आमच्या दारातून कुणी चहा-दूध न घेता गेल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

मग व्हिडिओ आला. शेणात बसलेली रेडकं, आखूड दोर. ती आमचीच होती, त्यात खोटं काही नव्हतं. मात्र म्हशींना दिवसातून दोनदा धुणारा गडी त्यात नव्हता, तापलेल्या म्हशीपाशी रात्रभर बसलेले बाबाही नव्हते. आई दोन दिवस संतापाने बोलत होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावून रेडकांच्या कोपऱ्यात उतार देऊन फरशी घालून घेतली, दोर बदलले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तबेला आता आमच्याकडे नाही. मी चहात दूध घालते. पण त्या मुलांबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर मला चालत नाही.

घाटकोपर, मूळ आटपाडी

वडील शेळ्या राखतात. बकरी ईदच्या आधी गावातली चार-पाच माणसं मिळून टेम्पो करतात आणि बोकड घेऊन देवनारच्या जनावरांच्या बाजारात येतात. आठ-दहा दिवस मुक्काम तिथेच. पाऊस लागला तर गुडघाभर चिखल, ताडपत्रीखाली माणसं आणि बोकड एकत्र. मी संध्याकाळी डबा घेऊन जातो.

आमची आई शेळ्यांना नावं ठेवते. चंद्री, काळी, लंगडी. बोकडाला कधीच नाव देत नाही. लहानपणी मी एकदा ठेवलं होतं, तर तिने पाठीत धपाटा घातला होता. तेव्हा कळलं नाही.

स्टेशनबाहेर एका कॉलेजच्या मुलीने मला व्हीगनचं पत्रक दिलं होतं. वडिलांना ते वाचून दाखवलं. मांसापेक्षा धान्य पिकवायला पाणी कमी लागतं, असं त्यात होतं. वडील म्हणाले, "आमच्या माळावर बाजरी करपती तवा बी बाभळीच्या शेंगा असत्यात. शेंगा काय माणसाला खाता येत न्हाईत, शेळीला येत्यात." वर म्हणाले, "पोरगी चांगल्या मनाची दिसती. तिला म्हणावं, कळपातनं बोकड उचलताना शेळी वरडती, ते आमाला बी ऐकू येतं."

माझ्या बारावीच्या फीला बोकड गेले, बहिणीच्या बाळंतपणाला गेले. बोकड विकून आलेल्या दिवशी आई जेवत नाही. उपास आहे म्हणते, वार कुठलाही असो.

धागा सुरू करणारा, कांदिवली

आटपाडीकर, तुमच्या आईंचं वाचून थोडा वेळ थांबलो.

एक गोष्ट इथे नोंदवतो. 2021 मध्ये पेटा या प्राणी-हक्क संस्थेने अमूलला वनस्पतीजन्य दुधाकडे वळण्याचं आवाहन करणारं पत्र लिहिलं. अमूलचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी यांनी उलट विचारलं, की दहा कोटी दूध उत्पादकांची उपजीविका कोण देणार? त्यांतले बहुतेक भूमिहीन आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो प्रश्न तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो. पण त्याच वर्षी भावाला मी विचारलं होतं, की उद्या दुसरं काही मिळालं तर गायी सोडशील का? तो म्हणाला होता, "दुसरं काय, ते कुणी सांगत नाही." त्याला गायी सोडवत नाहीत असं नाही. पहाटे चारला उठायला, गावाबाहेरच्या लग्नाला मुक्कामी न राहायला तोही कंटाळला आहे.

कर्जत

पोल्ट्री आहे, कराराची. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड माझी, वीजबिल माझं, कर्ज माझं. चाळीस-बेचाळीस दिवसांनी गाडी येते, पक्षी जातात, किलोमागे मला ठरलेले पैसे मिळतात. गायीवाल्यांसारखी माया वगैरे आम्हाला करता येत नाही. हजारो पक्षी असतात, रोज सकाळी मेलेले वेचणं हेच पहिलं काम.

व्हीगन लोकांची मला भीती वाटत नाही. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली आणि बघता बघता भाव मातीमोल झाला. गावोगाव लोकांनी पिल्लं पुरली, फुकट वाटली. ते काही प्राण्यांच्या प्रेमाने झालं नव्हतं. जो माणूस विचार करून खायचं सोडतो, तो निदान अफवेवर तरी सोडत नाही.

मुलुंड, माहेर करवीर तालुका

मी पाच वर्षांपासून व्हीगन आहे आणि माझ्या आईच्या गोठ्यात आजही दोन म्हशी आहेत.

डेअरीचं बिल आमच्याकडे दर दहा दिवसांनी होतं आणि दिवाळीला फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरचे वरचे पैसे, येतो. माझी पदवी, होस्टेल, मुंबईतल्या पहिल्या खोलीचं डिपॉझिट, सगळं त्या बिलातून आलंय. कोल्हापुरात माणसं गंगावेशीच्या कट्ट्यावर उभी राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध पितात. त्या गावची मुलगी दूध सोडते, हे आईने शेजारणींना कसं सांगितलं असेल?

सोडलं ते मुंबईत, पण कारण घरचंच. आमची एक म्हैस व्याली तेव्हा मी सुट्टीला गेले होते. पहिल्या चिकाचा खरवस आईने खास माझ्यासाठी ठेवला होता, वेलची-जायफळ घालून. खात असताना बाहेर रेडकू ओरडत होतं. आई रेडकाला पाजल्याशिवाय चीक काढत नाही, त्याचं पोट भरलेलं होतं, हे मला माहीत होतं. तरी तो घास मला गिळवेना. त्यानंतर हळूहळू सगळंच सुटलं.

आईला सांगायला एक वर्ष लागलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मग ताकाचं काय करतेस?" वसुबारसेला आमच्याकडे बायका दूध-ताक घेत नाहीत, त्या दिवशीचं वासराचं असतं म्हणतात. त्या दिवाळीला पाटावर बसल्यावर आई आत्याला म्हणाली, "ही रोजच वसुबारस धरते." तेवढंच. तेव्हापासून माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी दह्याशिवाय वेगळी काढलेली असते.

इथल्या व्हीगन मैत्रिणींना मी एकच सांगते. आईसमोर 'शोषण' हा शब्द वापरू नका. म्हशीच्या आजारपणात तिने गळ्यातलं गहाण ठेवलंय.

वडाळा, मूळ लातूरकडचा

वर कुणी सोया दुधाचं लिहील असं वाटलं होतं. सोयाबीन आमच्याच शेतात होतं. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमीने द्यावं लागलं. इथे मॉलमध्ये सोया पेयाच्या खोक्याची किंमत बघतो तेव्हा मधला पैसा कुठे जातो असं वाटतं. (त्यावर 'दूध' लिहिता येत नाही, 2021 पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते कडक केलंय. माझ्या काकांना ते योग्य वाटतं.) तेल काढून उरलेली पेंड पुन्हा जनावरांनाच जाते. आमच्याकडे दोन म्हशी आणि चार एकर सोयाबीन आहे, त्यामुळे आम्ही कुठल्या बाजूचे ते मला सांगता येत नाही.

बोरिवली, सासर जुन्नर

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिते: "दूध न पिणाऱ्याने आमचं काही नेलं नाही. फॅट साडेतीनच्या खाली लागली म्हणून दर कापणाऱ्याने नेलं."

जुलै 2018 च्या आंदोलनात मुंबईचं दूध अडवलं होतं, तेव्हा मी इथे पिशवीसाठी रांगेत होते आणि त्या तिकडे घरचं दूध गावातल्या शाळेत वाटत होत्या. लिटरला 25 रुपये मिळावेत, एवढ्यासाठी ते सगळं. 2024 मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्या म्हणतात, दुधाला खर्चाइतका दर द्या, मग वासराला दोन सड सोडायला कुणाचा हात आखडतो ते बघू.

धागा सुरू करणारा, कांदिवली

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. तबेल्यातल्या ताईंचं मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. पेंढ्याच्या रेडकापाशी त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, "पुढचं उद्या वाच."

परवा रात्री आमची एक गाय व्याली. गोऱ्हा झाला. भावाने तो घराच्या ओट्याजवळ वेगळा बांधला आहे. वहिनी सकाळ-संध्याकाळ दीड-दीड लिटर बाटलीने पाजते. तीन महिने पाजायचं ठरलंय, पुढचं ठरलेलं नाही.

आज कँटीनमध्ये त्या मुलीच्या शेजारी मी आपणहून जाऊन बसलो आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पहिल्याच दिवशी. गोऱ्ह्याचंही सांगितलं, 2015 च्या कायद्याचं, दराचं, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग फोटो आहे का म्हणून विचारलं. वहिनीने पाठवलेला होता, तो दाखवला. कपाळावर पांढरा ठिपका आहे, कान अजून ओले दिसतात.

"नाव काय?" तिने विचारलं.

मी आटपाडीच्या आईंचं सांगितलं. ती काही बोलली नाही, फोटो मोठा करून बघत राहिली.