उत्तर: बेरिॲट्रिक (वजन कमी करण्यासाठीच्या) शस्त्रक्रियेनंतर वजन कमी-जास्त का उतरतं?

"ज्यांचं वजन पुरेसं उतरत नाही, ते पथ्य पाळत नाहीत," हे विधान मला अजिबात पटलं नाही. 2011 साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल एंडोक्रिनॉलॉजी अँड मेटाबॉलिझम'मध्ये गॅस्ट्रिक बायपास या बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेच्या एका प्रकारावरचा अभ्यास आला होता. त्यात आई-मूल, भावंडं अशा सख्ख्या नात्यातल्या जोड्यांचं वजन बरंचसं सारखं उतरलं. उलट एका घरात राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या जोड्यांमध्ये तसं साम्य दिसलं नाही. म्हणजे स्वयंपाकघर एकच, तरी निकाल वेगळे! जोड्या थोड्याच होत्या हे खरं, पण आनुवंशिकतेकडे जाणारी दिशा स्पष्ट आहे.

या शस्त्रक्रियेने नुसतं पोट लहान होत नाही. भूक लावणारं घ्रेलिन, पोट भरल्याची जाणीव देणारं जीएलपी-1 या संप्रेरकांचं (हार्मोन्सचं) प्रमाणही बदलतं. हे संदेश मेंदूत जिथे पोचतात, तिथल्या एमसी4आर या जनुकात बिघाड असेल तर भूक मुळातच जास्त असते. अशांचंही वजन शस्त्रक्रियेनंतर उतरतं, त्यामुळे जनुकीय दोष निघाला म्हणून आशा सोडू नये. मात्र लहानपणापासून अतोनात लठ्ठपणा असेल, तर शस्त्रक्रियेआधी जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि कृपा करून, वजन परत वाढलेल्या माणसाला आळशी म्हणू नका.