'बाशो' म्हणजे काय, आखाडा की दंगल?

— मंडळी एक शंका. फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम कन्सोलवर, १९९० मध्ये बॅनप्रेस्टोचा एक भन्नाट गेम आला होता, 'एसडी बॅटल ओझुमो: हेइसेइ हीरो बाशो'. अल्ट्रामॅन, कामेन रायडर, गंडम असले सगळे जपानी टीव्हीवरचे हीरो आणि सोबतीला राक्षस, सगळे चक्क सुमो खेळतात. त्यावर मराठीत लिहितोय, तर बाशोला आखाडा म्हणू का?

— आखाडा नको हो. लढायची जागा म्हणजे दोह्यो, मातीचा उंच ओटा आणि त्यावर माती भरलेल्या पेंढ्याच्या गाठोड्यांचं ४.५५ मीटर व्यासाचं वर्तुळ. बाशोचा मूळ अर्थ जागा असाच आहे, पण सुमोवाले आख्ख्या स्पर्धेला बाशो म्हणतात. पंधरा दिवस चालते, वर्षात सहा होतात, तीन तोक्योत आणि बाकीच्या ओसाका, नागोया, फुकुओकाला. मार्चमधली ती हारु बाशो म्हणजे वसंतातली, त्याच चालीवर हे 'हीरो बाशो'. हेइसेइ हा जपानी सम्राटाचा कालखंड जानेवारी १९८९ ला सुरू झालेला, तेव्हा कोरा करकरीत होता, नावात मिरवणारच ना.

— मग दंगल म्हणा की सरळ.

— दंगल आपली जत्रेतली, फड एका दिवसात उरकतो, इनाम घेतलं की पैलवान घरी. बाशोत रोजच्या कुस्तीचा हिशोब राहतो, वरच्या गटात पंधरापैकी आठ जिंकल्या तरच बढतीची आशा. आणि हो, गेमबद्दल लिहिताना 'चीतपट केलं' लिहू नका प्लीज, सुमोत पाठ टेकवायची गरजच नसते, तळपाय सोडून अंगाचं काहीही जमिनीला लागलं किंवा पाय वर्तुळाबाहेर गेला की खेळ खल्लास. 'लोळवलं' नाहीतर 'बाहेर ढकललं' चालेल.

— आणि एसडी?

— सुपर डिफॉर्म्ड. डोकंच डोकं आणि खाली चिमुकले हातपाय, बुटबैंगण म्हणा हवं तर. त्याचा खरा फायदा इथेच आहे बघा, पहिला अल्ट्रामॅन ४० मीटर उंच, गंडम १८ मीटर, कामेन रायडर माणसाएवढा, हे एका दोह्योवर समोरासमोर बसवणार कसे? सगळ्यांना बुटकं केलं, भानगड मिटली.

— बरं बाशो तसंच ठेवतो, कंसात 'पंधरा दिवसांची स्पर्धा'. अल्ट्रामॅनला रिकिशी (सुमो खेळणारा) म्हणू की पैलवान?

— पैलवान म्हणा बिनधास्त, त्याची काही तक्रार येणार नाही.