सीसीआयई लॅब (सिस्कोची नेटवर्किंगची प्रात्यक्षिक परीक्षा) दुसऱ्यांदा गेली. ६४ जीबी की १२८? लवकर सांगा

पिंग_पोहोचेना
नमस्कार मंडळी. परवा बंगळूरहून परत आलो. लॅब गेली, दुसऱ्यांदा नापास. तिसरी तारीख पकडलीये, अडीच महिने हातात आहेत. प्रश्न एवढाच की घरी सरावाला जुना सर्व्हर घेतोय, त्यात ६४ जीबी रॅम पुरेल की १२८ लागेल? सध्या लॅपटॉपवर ईव्ही-एनजी (आभासी राऊटर चालवायचं सॉफ्टवेअर) चालवतो, दहा राऊटर टाकले की रडायला लागतो. दुकानदार म्हणतोय उद्या संध्याकाळपर्यंतच ठेवीन, गिऱ्हाईक आहे. 'अभ्यास वाढवा' वगैरे सल्ले नकोत. रोज पहाटे ४ ला उठतोय.

बीजीपी_मावशी
सीसीआयईचा ट्रॅक (विषयशाखा) कुठला?

पिंग_पोहोचेना
एंटरप्राइज हो. सगळे तेच देतात.

बीजीपी_मावशी
सगळे कोण? मी सर्व्हिस प्रोव्हायडर दिली होती. असो. एनकोर (लॅबआधीची लेखी परीक्षा) कधी पास झालास? ती पास झाल्यापासून तीन वर्षांतच लॅब देता येते, आधी ते बघ, सर्व्हर नंतर.

पिंग_पोहोचेना
एनकोर पुढच्या जूनपर्यंत आहे. मावशी, प्रश्न रॅमचा आहे.

रॅमभाऊ
१२८. यात विचार करण्यासारखं काही नाही. अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर डिफाइंड (सॉफ्टवेअरने नेटवर्क हाकायच्या) भागाला २५ टक्के आहेत आणि रॅम खातो तो हाच भाग. एक कॅटॅलिस्ट ९०००व्ही (सिस्कोचा आभासी स्विच) उचललात की १८ जीबी गेली. तीन स्विच टाका, ५४. त्यावर एसडी-वॅनचा (शाखांची जोडणी सॉफ्टवेअरने सांभाळायची पद्धत) मॅनेजर आणि कंट्रोलर. ६४ मध्ये काय बसवणार, डोंबल? फक्त कॅटॅलिस्ट सेंटर (नेटवर्क सांभाळायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर, जुनं डीएनए सेंटर) घरी उभं करायच्या नादाला लागू नका. त्याच्या व्हर्च्युअल आवृत्तीला एकटीलाच २५६ जीबी लागते. त्यासाठी सिस्कोच्या डेव्हनेटचा सँडबॉक्स (ऑनलाइन सरावाची जागा) बुक करा, फुकट आहे.

खालचा_मजला
घर फ्लॅट आहे का? मी असा रॅकवाला सर्व्हर आणून दिवाणाखाली ठेवला होता. चालू केला की विमान उडल्यासारखा आवाज. आई म्हणाली, गिरणी घरात आणलीस ती आणलीस, निदान दळण तरी दे. चार महिन्यांनी विकला. टॉवरवाला घ्या.

जुनी_केबल
आमच्या वेळी हे ईव्ही-फिव्ही नव्हतं. २००९ ला नवीन पॅटर्न आला, सकाळी आधी २ तास ट्रबलशूटिंग आणि मग कॉन्फिगरेशन. फ्रेम रिले (लांबची ऑफिसं जोडायची जुनी पद्धत) होतं. सराव खऱ्या राऊटरवर, तासाच्या भाड्याने. एका कामातली एक अट चुकली की त्या कामाचे गुण शून्य, अर्धे-मुर्धे मिळायचे नाहीत. हल्लीच्या मुलांना शो कमांड (राऊटरची स्थिती दाखवणारी) टाइप करायच्या आधी वेब पेज उघडून हवं.

ढगातला_माणूस
एक विचारू? लॅबची एवढी मोठी फी, तीही दोनदा गेली, वर बंगळूरचं येणं-जाणं-राहणं. तेवढ्यात क्लाऊडच्या तीन परीक्षा होतात. २०२० नंतर राऊटर कोण बघतंय?

जुनी_केबल
तुमचा ढग जमिनीवरच्या फायबरनेच जोडलेला असतो साहेब. बीजीपी (नेटवर्कांना एकमेकांचे रस्ते सांगणारी यंत्रणा) पडलं की तुम्हीच आम्हाला रात्री फोन करता.

ढगातला_माणूस
मी नाही करत, आमचं ऑटोमेटेड आहे.

जुनी_केबल
ऑटोमेटेड फोन करतं मग.

बीजीपी_मावशी
ते तुमचं चालू द्या. पिंग, निकालात काय लिहिलंय?

पिंग_पोहोचेना
फेल. अजून काय लिहिणार?

बीजीपी_मावशी
दोन मॉड्यूल असतात बाबा. ३ तास डिझाइन, ५ तास डिप्लॉय-ऑपरेट-ऑप्टिमाइझ, म्हणजे प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन. दोन्हींत किमान गुण लागतात, शिवाय एकूणही. कशात गेलास?

पिंग_पोहोचेना
डिझाइन फेल. दुसरं पास.

बीजीपी_मावशी
आणि पहिल्या वेळी?

पिंग_पोहोचेना
तेच. म्हणजे तेव्हा दोन्ही फेल होतं. म्हणून तर वर्षभर कॉन्फिगरेशन घासलं.

रॅमभाऊ
अरे देवा.

बीजीपी_मावशी
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं रे! डिझाइनच्या ३ तासांत तुला एकाही राऊटरला हात लावायला मिळत नाही. पुढ्यात नकाशे, ईमेल, कागदपत्रं आणि त्यावर प्रश्न. त्यात १२८ जीबी काय करणार?

पिंग_पोहोचेना
पण तिथे वेळ उरला होता मला. ४० मिनिटं. सोपं वाटलं होतं. फक्त मागे जाता येत नाही ना, एकदा पुढे गेलं की गेलं. चौथ्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते नंतर एका ईमेलमध्ये वाचलं की त्या कंपनीचं

खालचा_मजला
थांबा थांबा! प्रश्नाचा तपशील इथे टाकू नका. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर होकार दिलाय तुम्ही. तिसऱ्या तारखेलाही मुकाल.

पिंग_पोहोचेना
अर्धंच लिहिलं. बरं. पण मुद्दा तोच, नंतर कळलं.

बीजीपी_मावशी
४० मिनिटं उरली म्हणजे वाचलं नाहीस. माझ्या मनाचं उदाहरण देते, परीक्षेतलं नाही. समज डीएमव्हीपीएन (मुख्य ऑफिस आणि शाखांना जोडणारे आभासी बोगदे) आहे. एका ईमेलात शाखेचा माणूस कुरकुरतो की आमचे राऊटर लहान आहेत, शेकडो रूट्स (रस्त्यांच्या नोंदी) पेलत नाहीत. तीन पानांनंतर दुसरा कोणी लिहितो, शाखा ते शाखा फोनवर आवाज तुटतो, सगळं पुण्यावरून फिरून येतं. आता डीएमव्हीपीएनचा फेज २ लावशील की ३?

पिंग_पोहोचेना
दोन्हींत स्पोक ते स्पोक (शाखा ते शाखा) थेट होतं. फेज २.

बीजीपी_मावशी
घोडं इथेच पेंड खातंय. लहान राऊटर म्हणजे हबवरून (मुख्य ऑफिसच्या राऊटरवरून) समरी (अनेक रूट्सची एकच नोंद) नाहीतर नुसता डिफॉल्ट रूट द्यायचा. फेज २ मध्ये समरी दिलीस की नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) हबच होतो, मग थेट बोगदा विसर. फेज ३ मध्ये हब एनएचआरपी रिडायरेक्ट ('थेट जा' असा निरोप) पाठवतो, म्हणून समरी देऊनही शाखा थेट जोडल्या जातात. कमांड तुला झोपेतही येत असतील. दोन ईमेल एकत्र वाचले नाहीस.

रॅमभाऊ
हल्ली डीएमव्हीपीएन कोण लावतं? सरळ एसडी-वॅन.

बीजीपी_मावशी
अभ्यासक्रमात आहे म्हणून लावतात रॅमभाऊ. आणि कागदात 'नवीन खरेदी नाही' असं असेल तर तुमचं एसडी-वॅन कुठून आणायचं? आपल्याला आवडणारं उत्तर आणि त्या कंपनीला परवडणारं उत्तर यात फरक असतो. माझे पहिल्या खेपेला गुण तिथेच गेले. एमपीएलएस (सर्व्हिस प्रोव्हायडरवाल्यांचं आवडतं तंत्र) दिसलं की हात शिवशिवायचे.

पिंग_पोहोचेना
मग सराव कसा करायचा? डिझाइनचं वर्कबुक मिळतं का? एका क्लासवाल्याने 'हमखास येणारे' प्रश्न देतो म्हणून २५ हजार सांगितलेत.

जुनी_केबल
चोरीचा माल आहे तो. पकडले गेलात तर आयुष्यभर बंदी येऊ शकते. माझ्या ओळखीत एकाचा सीसीआयई नंबर गेला.

बीजीपी_मावशी
ऑफिसात जुने नेटवर्क प्रस्ताव पडलेले असतील ते काढ. प्रत्येकात अटी अधोरेखित कर: पैसे किती, बंद किती वेळ ठेवता येईल, कोणती यंत्रं बदलायची नाहीत, तिथल्या माणसांना काय येतं. मग प्रत्येक अटीने कुठला पर्याय बाद होतो ते बाजूला लिही. पेनने, कागदावर. रोज एक. आणि कॉन्फिगरेशनला आठवड्यातून एक दिवस, हात गंजू नये म्हणून.

डोसाप्रेमी_सातारकर
बंगळूरला जाताच आहात तर आदल्या दिवशी गांधी बाजारात विद्यार्थी भवनचा डोसा चुकवू नका. १९४३ पासून आहे.

खालचा_मजला
सातारकर, बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये आदल्या दिवशी गाव ओलांडायला सांगताय? परीक्षा झाल्यावर खाऊ दे.

डोसाप्रेमी_सातारकर
झाल्यावर भूक राहत नाही हो. दोनदा गेलेत ते, विचारा त्यांना.

पिंग_पोहोचेना
खरंय. दोन्ही वेळा काही न खाता बसमध्ये बसलो, हुबळीपर्यंत झोपलो नाही.
मावशी, उद्या ऑफिसात जुने प्रस्ताव शोधतो. एक मर्जरवाला (दोन कंपन्या एकत्र आल्या तो) आहे, दोन्हीकडे आयपी पत्त्यांची १०.० चीच रेंज होती, तो घेतो आधी. पण दुकानदाराचे तीन मिस्ड कॉल आलेत. त्याला काय सांगू?

बीजीपी_मावशी
नको म्हणून सांग.

रॅमभाऊ
१२८ सांगा.

खालचा_मजला
टॉवर असेल तर ६४ वर उचला, रॅम नंतर वाढवता येते. आवाज ऐकून घ्या पण. चालू करून.