पितळेच्या जुन्या घंगाळात मोगरा लावावा का?

अंगणवेल (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. मागच्या महिन्यात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजी घेऊन परतताना मोड म्हणजे भंगार विकणाऱ्या एका माणसाच्या हातगाडीवर, कूलरच्या गंजलेल्या पत्र्यांखाली दबलेले, दोन कड्यांचे एक पितळी घंगाळ (अंघोळीच्या पाण्याचे रुंद तोंडाचे भांडे) मला दिसले. तोंड सुमारे दीड फूट, खोली दहा इंच आणि वजन साडेपाच किलो. त्याने वजनावर २,८०० रुपये सांगितले आणि मी ते तिथल्या तिथे दिले, कारण माझ्या आजीच्या न्हाणीघरात अगदी असेच घंगाळ होते आणि घर विकताना ते इतर भांड्यांबरोबर मोडीत गेले, तेव्हा ते मागून घेण्याइतकी समज मला नव्हती.

घरी आणल्यावर मी त्याला चिंच आणि मीठ चोळून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी धुतले तर काळेपणा गेला होता, पण पोटावर तळहाताएवढे गुलाबी, तांबूस डाग उमटले होते आणि ते घासूनही जात नाहीत. काठाच्या आतल्या बाजूला बारीक टिंबांनी ठोकलेली अक्षरे मात्र स्वच्छ दिसू लागली. ‘सौ.’ एवढे वाचता येते, पुढचे नाव हाताच्या वापराने झिजून गेले आहे आणि शेवटी ‘शके १८५४’ असे आहे. ते वाचल्यापासून या भांड्याशी काही चुकीचे करण्याची मला भीती वाटते.

माझ्या मनात त्यात मोगरा लावून ते पश्चिमेच्या गच्चीवर ठेवावे असे आहे. पाणी निघून जाण्यासाठी तळाला भोक पाडावे लागेल का, पितळेचा रोपाला त्रास होतो का, गुलाबी डागांचे काय करावे आणि मी दिलेली किंमत योग्य होती का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भांडेओळ

ताई, सर्वप्रथम, भोक पाडू नका. बाकीचे सावकाश बोलू.

आमच्या घरात दोन पिढ्या इतवारीत भांड्यांचा व्यवसाय होता आणि लहानपणी मी दुकानात बसून हीच टिंबे ठोकताना पाहिली आहेत. लग्नात मुलीला आंदण म्हणून दिलेल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत होती. कारागीर भांडे मांडीवर घेऊन, बोथट खिळ्यासारख्या अणीवर हातोडीचे हलके ठोके देत एकेक अक्षर उमटवत असे. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे तुमचे घंगाळ १९३२ किंवा १९३३ सालचे आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांतील पितळ पुष्कळदा भंडाऱ्याचे असते, कारण ते गावच पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण कारखान्याचा छाप नसेल तर निव्वळ घडणीवरून ठामपणे काही सांगू नये.

किमतीबद्दल. पितळेचा मोडीचा भाव रोज बदलतो, तेव्हा ज्या दिवशी घेतले त्या दिवशीचा भाव एखाद्या भांड्याच्या दुकानात विचारून पाहा. तुम्हाला किलोला पाचशेच्या आसपास पडले आहे. अखंड, न पिचलेल्या आणि नाव-वर्ष असलेल्या भांड्यासाठी मोडीपेक्षा थोडे जास्त गेले तरी मी त्याला महाग म्हणणार नाही. मात्र पुढच्या वेळी बाजारात जाताना पर्समध्ये एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. पिवळा मुलामा दिलेले लोखंड लगेच पकडले जाते. शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो; तुमचे भांडे अजून त्या वयाचे नाही, त्यामुळे त्याबाबत निश्चिंत राहा.

गुलाबी डाग चिंच फार वेळ राहिल्याने आले आहेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आम्ल आणि मीठ रात्रभर बसले की पृष्ठभागावरचे जस्त आधी निघून जाते आणि तांबे उघडे पडते. हा थर बहुधा अगदी पातळ असतो. लिंबाची फोड बारीक चाळलेल्या राखेत बुडवून गोलाकार घासा, दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ आंबट राहू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या सुती फडक्याने पुसा. पाण्याचे थेंब तसेच वाळू दिले तर दुसऱ्याच दिवशी ठिपके दिसतील. असे चार-पाच दिवस रोज थोडे थोडे करा, डाग विरत जातील.

एक तपासणी अवश्य करा. पोट आणि गळा जिथे जोडले आहेत तिथे झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा असतो. घंगाळ काठोकाठ भरून, बाहेरून कोरडे करून, रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर झाळ सुटली आहे असे समजा. तिथे भोक पाडणारी मशीन चालवली तर कंपनाने ती आणखी उघडेल, आणि भोक पडलेल्या भांड्याला नंतर भांडे म्हणून कोणी विचारत नाही, ते मोडच ठरते.

गच्चीवाला

वरील प्रतिसादाचा पूर्ण आदर राखून मी थोडा वेगळा अनुभव सांगतो. माझ्याकडे धरमपेठेत पितळेचा एक जुना हंडा आहे, त्याचा तळ आधीच गळका झालेला होता. मी तळाला तीन भोके पाडली, शेतातून आणलेली काळी माती भरली आणि त्यात कोरफड लावली. सहा वर्षे झाली, कोरफड इतकी फुटली आहे की दरवर्षी पिल्ले वाटावी लागतात. पितळेत रोप जगत नाही असे जे सरसकट सांगितले जाते ते मला पटत नाही. भांडे माळ्यावर ठेवून दरवर्षी घासण्यापेक्षा ते रोजच्या डोळ्यांसमोर हिरवे असावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

काळी माती

मी मृदाशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

गच्चीवाले यांचा अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही आहे. आपल्या भागातील काळ्या मातीत चुनखडी असते, तिचा सामू (पीएच) साधारणपणे आठच्या आसपास असतो आणि अशा मातीत भांड्याच्या कडेने सुटणारे तांबे बांधले जाते, मुळांपर्यंत फारसे पोहोचत नाही. शिवाय कोरफड हे अत्यंत सोशिक झाड असून तिला पाणीही क्वचित द्यावे लागते. मोगऱ्याचे तसे नाही. त्याला आपण शेणखत, पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट घालतो, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी देतो, आणि हे कुजणारे ओले मिश्रण आंबटपणाकडे झुकते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, म्हणजे धातू उतरून बिघडते, हे आपल्या घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. भांड्याला आतून कथलाची कल्हई करण्यामागचे कारणही तेच. खत घातलेली ओली माती भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने राहिली तर तिथे तेच होते, फक्त ते आपल्याला चाखावे लागत नाही, मुळांना लागते.

तांबे आणि जस्त दोन्ही झाडाला अल्प प्रमाणात आवश्यक आहेत. प्रमाण वाढले की मुळे आखडतात आणि लोह घेण्यात अडथळा येतो. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या मातीमुळे नागपुरातील कुंड्यांमधला मोगरा आधीच या पिवळेपणाकडे झुकलेला असतो, त्यात आणखी भर कशाला घालावी? तांबे किती प्रभावी आहे हे काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना विचारावे. डिंक्या रोगासाठी झाडाच्या बुंध्याला जे बोर्डो हे बुरशीनाशक लावतात, त्याच्या एक टक्का फवारणीच्या मिश्रणात १०० लीटर पाण्यात अवघे एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि एक किलो चुना असतो, आणि तेवढे बुरशीला आवरायला पुरते. याच कारणाने घंगाळात पाणी भरून कमळ आणि डासांसाठी गप्पी मासे ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. पाण्यात उतरणारे तांबे मासे सहन करू शकत नाहीत.

आता उन्हाविषयी. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस तर दर मे महिन्यात येतात. पश्चिमेच्या गच्चीवर दुपारी तीन वाजता पितळेला हात लावून पाहा, म्हणजे आत मुळांचे काय होत असेल ते कळेल. मुळांचे काम ४० अंशांच्या पुढे मंदावते. मातीची कुंडी पाझरते आणि बाष्पीभवनाने थंड राहते, पितळ मात्र नुसते तापत जाते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मोगरा साध्या बारा इंची मातीच्या कुंडीत लावावा आणि ती कुंडी घंगाळात ठेवावी. तळाशी विटांचे तीन सारखे तुकडे ठेवून कुंडी उचलून घ्यावी, म्हणजे निथळलेले पाणी मुळांशी साचणार नाही. कुंडी आणि पितळ यांच्यामध्ये बोटभर हवा राहील असे पाहावे. कुंडीत एक भाग काळी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कन्हान नदीची जाडी रेती घालावी. नुसती काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की कडेने भेगा पडतात आणि वरून घातलेले पाणी त्या भेगांतून सरळ खाली जाते. वरवर माती भिजलेली दिसते आणि मुळांचा गड्डा आतून कोरडा राहतो. मोगऱ्याला फुलण्यासाठी ऊन लागतेच, तेव्हा घंगाळ पूर्वेच्या बाजूला ठेवावे, जिथे सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल. थंडी ओसरताना छाटणी केली तर उन्हाळ्यात फुले चांगली येतात.

घंगाळाच्या तळाशी जमलेले पाणी दर आठवड्याला ओतून भांडे कोरडे पुसावे. डासांना अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण तेवढाच काळ पुरतो. पावसाळ्यात मात्र कुंडी बाहेर काढून ठेवणेच योग्य, कारण भोक नसलेले भांडे एका जोरदार सरीत भरून जाईल.

सुईदोरा

वरच्या सर्व सूचना मोलाच्या आहेत. मी फक्त घंगाळ कशावर ठेवावे याविषयी लिहिते, कारण जुन्या घंगाळाचा तळ बहुधा गोलसर असतो आणि फरशीवर ते डुगडुगते. शिवाय ओल्या पितळेचा हिरवट कळक फरशीवर उतरतो आणि तो निघता निघत नाही.

त्यासाठी चुंबळ, म्हणजे भांड्याखाली ठेवायची कापडाची गोल बैठक करा. जुने सुती लुगडे असेल तर उत्तम, कारण वर्षानुवर्षे धुतलेला कपडा मऊ असतो आणि पीळ चांगला धरतो. त्याच्या हातभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. कात्रीने कापू नका, फाडलेली कड धाग्याच्या रेषेत जाते आणि पीळ सरळ बसतो. आत काथ्याचा अंगठ्याएवढा जाड दोर घ्या, नुसता कपडा ओलीने दोन महिन्यांत कुजतो. दोराचे वर्तुळ भांड्याच्या पोटापेक्षा चार बोटे लहान ठेवून तीन वेढे एकमेकांवर बसवा, सुतळीने चार ठिकाणी आवळा आणि मग वरून लुगड्याची पट्टी तिरकी गुंडाळत जा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर येईल असा. शेवटचे टोक दाभणाने आत खोचून जाड दोऱ्याने टाचावे. काठ असलेली पट्टी सर्वांत शेवटी, बाहेरच्या बाजूला येईल असे पाहा, म्हणजे लुगड्याचा काठ गोल फिरलेला दिसतो. मी माझ्या आईच्या एका इरकली लुगड्याची अशी चुंबळ केली आहे. ते फाटले होते, नेसण्यासारखे राहिले नव्हते आणि टाकवतही नव्हते.

चुंबळ दर पंधरा दिवसांनी उन्हात उलटी टाकावी.

अंगणवेल

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. गच्चीवाले, आपला हंडा मुळातच तळ गेलेला होता, त्यामुळे आपण केले ते मला योग्यच वाटते. माझे घंगाळ अखंड आहे म्हणून मी भोक न पाडण्याचे ठरवले आहे.

वर्तमानपत्राची तपासणी केली. एका कड्याखाली रुपयाएवढी ओल उमटली, बाकी झाळ शाबूत आहे. ओल कड्याच्या रिबिटीपाशी असल्यामुळे आणि आत आता पाणी साठवायचे नसल्यामुळे मी ती तशीच ठेवणार आहे. राख आणि लिंबाने तीन दिवस घासल्यावर गुलाबी डाग पुष्कळ फिके झाले. अक्षरांच्या जागेवर मात्र मी राख लावली नाही, तिथे फक्त ओले फडके फिरवले, म्हणजे उरलेली टिंबे आणखी झिजणार नाहीत.

मोगरा बारा इंची कुंडीत लावला आहे आणि घंगाळ पूर्वेच्या पडवीत आणले आहे. चुंबळीसाठी लुगडे माझ्याकडे नाही, पण सासूबाईंनी आपल्या ट्रंकेतून एक जुने सुती पातळ काढून दिले आणि पट्ट्या फाडायला त्या स्वतःच बसल्या. घंगाळ ठेवताना त्यांनी ते थोडे फिरवून घेतले आणि ‘सौ.’ची बाजू दाराकडे केली.