स्क्रबरचं धुवण समुद्रात सोडू द्यावं का?

निळाई:
२०२० पासून जहाजाच्या इंधनात ०.५० टक्क्यापेक्षा जास्त गंधक चालत नाही. पण नियमानेच एक वाट मोकळी ठेवली आहे: जास्त गंधकाचं स्वस्त जड तेल जाळा, फक्त धूर स्क्रबरमध्ये, म्हणजे धुरातलं गंधक पाण्याने काढणाऱ्या यंत्रात, धुऊन घ्या. ओपन लूप स्क्रबर समुद्राचं पाणी ओढतो, धुरावर फवारतो आणि ते आम्लधर्मी धुवण पुन्हा समुद्रात सोडतो. दर मेगावॉट-तासाला साधारण ४५ घनमीटर. १० मेगावॉटवर चाललेलं जहाज दिवसाला एक कोटी लिटरहून जास्त धुवण ओततं, आणि त्यात गंधकासोबत व्हॅनेडियम, निकेल असे धातू, तेलातले पीएएच (विषारी हायड्रोकार्बन) सगळं असतं. हवेतली घाण पाण्यात ढकलली, एवढंच झालं. शिवाय मर्यादा लिटरमागे आहे, म्हणजे पाणी जास्त ओढलं की पास! ओपन लूप सरसकट बंद करा.

इंजिनरूम:
पाणी वाढवून पास होण्याचा मुद्दा चुकीचा आहे. अशा जहाजांवर मी काम केलंय. पीएएचची मर्यादा प्रवाहाला बांधलेली असते: मेगावॉट-तासाला ४५ टन पाणी असेल तर लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, ९० टन असेल तर २५. पातळ करून सुटका नाही. पीएच आणि गढूळपणाही सतत मोजला जातो. (खवळलेल्या समुद्रात बुडबुड्यांमुळे गढूळपणाचा आकडा फुगतो, आणि रात्री-बेरात्री अलार्म आम्हालाच बघावा लागतो.)

गंधकाचं म्हणाल तर त्याचं शेवटी सल्फेट होतं, आणि समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त मुळातच असतं. तोच सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून सुटला तर किनाऱ्यावरच्या माणसांच्या छातीत जातो. दम्याच्या माणसाला विचारा.

निळाई:
प्रवाहाचा मुद्दा मान्य, माझी चूक झाली. पण तुमचाच आकडा पुढे नेते. ४५ टनांना ५० मायक्रोग्रॅम म्हणजे मेगावॉट-तासाला २.२५ ग्रॅम. १० मेगावॉटच्या जहाजाला दिवसाला ५४० ग्रॅम पीएएच सोडायची परवानगी. एका जहाजाला, रोज, कायद्याने! आणि धातूंना आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मर्यादाच नाही. सल्फेट समुद्रात मुरेल, निकेल कुठे जाणार? ते गाळात बसतं, तळाशी चरणाऱ्या जिवांत जातं.

खाडीकाठ:
ठिकाण बघा की. बंदिस्त खाडीत आणि भर समुद्रात एकच न्याय कसा लावता? सिंगापूरने २०२० पासूनच बंदरात ओपन लूपचं पाणी सोडायला मनाई केली. स्वीडन आणि डेन्मार्कने १ जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत बंदी घातली. त्यांच्या काठच्या बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, आम्ल मारायची त्याची ताकदही कमी.

सरळरेष:
एवढा घोळ कशाला? कमी गंधकाचं इंधनच वापरा.

इंजिनरूम:
ते गंधक तेल शुद्धीकरण कारखान्यात काढावं लागतं, आणि त्यालाही ऊर्जा जळते.

खाडीकाठ:
मग क्लोज्ड लूप?

इंजिनरूम:
चांगला आहे, पण फुकटात होत नाही. त्यात पाणी फिरत राहतं, आम्ल मारायला बहुतेक वेळा ५० टक्के कॉस्टिक सोडा लागतो. तो अंगावर उडाला तर कातडी जाते. थंडीत, साधारण १२ अंशांखाली, टाकीत गोठतो. बाहेर सोडायचं पाणी फारच थोडं, पण स्लज, म्हणजे घट्ट गाळ, उरतो. तो ना समुद्रात टाकायचा, ना जहाजावर जाळायचा, बंदरातच उतरवायचा. बंदराने घेतला नाही तर आमची टाकी भरते. बंदी घालणाऱ्यांनी आधी स्लज उतरवायची सोय करावी.

निळाई:
ती सोय करायलाच हवी, त्यात वाद नाही. पण सोय होईपर्यंत ओतत राहायचं का?

इंजिनरूम:
किनाऱ्याजवळ नाही. १२ सागरी मैलांच्या आत ओपन लूप बंदच असावा, हे मी जहाजावर असतानाही म्हणत होतो. खोल समुद्रात मात्र वापरू द्या.

निळाई:
खोल समुद्रात निकेल नाहीसं होतं का?

इंजिनरूम:
नाही. पसरतं. धातूंना मर्यादा हवी, हे तुमचं बरोबर आहे. ती पीएएचसारखीच मेगावॉट-तासाला बांधा, आणि शिरणाऱ्या पाण्याचा नमुनाही घ्या. शेवाळ-शिंपले रोखायला आम्ही आत येणाऱ्या पाण्यात तांबं सोडणारे अॅनोड (तांब्याच्या कांड्या) वापरतो, त्याचं तांबं स्क्रबरच्या खात्यावर पडायला नको.

निळाई:
अशी मर्यादा आली आणि ओपन लूप त्यात बसला, तर मी बंदीची मागणी मागे घेईन. तोवर नाही.