मदत हवी आहे : पवनचक्कीला सौर पॅनेलची जोड कशी द्यावी?

पाटण तालुक्यात वनकुसवडे पठाराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या घरावर १ किलोवॅटची लहान पवनचक्की आहे. पावसाळ्यात पाती रात्रंदिवस गरगरतात, बॅटऱ्या सकाळीच भरतात आणि पुढची वीज वाया जाते. ऑक्टोबरात मात्र दिवे लावण्याच्या वेळेलाच इन्व्हर्टर कुंईकुंई करू लागतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातील ऊर्जा एक अष्टमांशच उरते, हे गणित मला चक्की घेतल्यावर कळले (विकणाऱ्याने अर्थातच सांगितले नव्हते). वारा नसतो त्या महिन्यांत ऊन भरपूर असल्याने सौर पॅनेल जोडण्याचा विचार आहे. त्याच बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) लागेल का, आणि पावसाळ्यातील जादा वीज पाणी तापवण्याकडे सुरक्षितपणे कशी वळवावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.